मॅक्रो कुठून शिकायचे? आधी गेल्या हंगामाची फाइल उघडा

प्रश्न थोडक्यात असा. धरणगावजवळच्या एका जिनिंगच्या ऑफिसात एक ताई हिशेब बघतात. बी.कॉम. आणि एमएस-सीआयटी झालंय, व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल जमतं. हंगामात रोज संध्याकाळी वजनकाट्यावरून आलेल्या फाइलवरून शेतकऱ्यांच्या पट्ट्या (वजन, भाव, वजावट आणि द्यायची रक्कम यांचा हिशेब) काढायच्या आणि बँकेत पाठवायची पेमेंटची यादी बनवायची, यातच रात्र होते. त्यांना मॅक्रो, म्हणजे तेच ते काम एक्सेलकडून आपोआप करून घेणारे छोटे प्रोग्रॅम, शिकायचे आहेत. जळगावात क्लास लावू, यूट्यूबवर बघू, जाड इंग्रजी पुस्तक घेऊ, की चॅटबॉटकडूनच कोड लिहून घेऊ, असं त्या विचारतात. त्यात पुण्याचा मामेभाऊ सांगतो, ‘व्हीबीए मेलं, सरळ पायथन शिक.’ (व्हीबीए ही एक्सेलचे मॅक्रो लिहायची भाषा, पायथन ही प्रोग्रॅमिंगची दुसरी भाषा.)

ताई, क्लासचे पैसे एवढ्यात भरू नका. आत्ता श्रावण चालू आहे, जिन बंद आहे, कापूस दसरा-दिवाळीच्या सुमाराला यायला लागेल. म्हणजे तुमच्या हातात थोडा निवांतपणा आहे आणि गेल्या हंगामाच्या खऱ्या फायली आहेत. शिकायला याहून चांगलं साहित्य कुठलाही क्लास देणार नाही. मी जळगाव-भुसावळकडच्या जिनिंग, दाल मिल आणि पाइपच्या कारखान्यांच्या ऑफिसांना एक्सेलची कामं करून देतो, आणि तिथल्या पोरापोरींना शिकवतोही. जे टिकले त्यांच्यात हुशारीपेक्षा एकच गोष्ट समान दिसली: त्यांच्याकडे रोज छळणारं, स्वतःचं एक काम होतं. ज्यांनी ‘मॅक्रो शिकून ठेवू, कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून सुरुवात केली, त्यांचं गाडं दुसऱ्या-तिसऱ्या धड्याला अडलं. तेव्हा शिकायचा मार्ग नंतर ठरवू, आधी काम ठरवा. व्हिडिओ, पुस्तक, चॅटबॉट या सगळ्यांना त्या कामाच्या चाकरीला लावायचं.

मामेभावाचा मुद्दा आधी निकालात काढू. व्हीबीए जुनं आहे हे खरंच. १९९३ साली एक्सेल ५ सोबत ते आलं आणि त्यानंतर भाषा म्हणून फारसं बदललं नाही. पण आजच्या विंडोजवरच्या एक्सेलमध्ये ते चालतं, आणि तुमच्या ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावरचं २०१० चं एक्सेल असेल, तर त्यातही चालतं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढायचं जाहीर केलं ते व्हीबीस्क्रिप्ट. ते प्रकरण वेगळं. पायथन फार चांगली भाषा आहे, पण ती तुमच्या संगणकावर, मग शेठच्या, मग काट्यावरच्या माणसाच्या संगणकावर बसवत फिरावं लागेल. एक्सेलच्या आतच पायथन लिहायची सोय २०२३ पासून आली खरी, पण तिची आकडेमोड मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर होते, त्याला वर्गणीचं एक्सेल आणि नेट लागतं, आणि ती तुमच्यासाठी पट्टी छापून देत नाही. तुमचं काम छापायचं, साठवायचं, पुढच्या पट्टीकडे जायचं असं आहे. त्याला व्हीबीए.

एक अपवाद मात्र नीट तपासा. शेठना हिशेब मोबाइलवर हवा असतो का? मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो चालतच नाही. ऑफिसातलं सगळं आधीपासून गूगल शीट्सवर असेल तर व्हीबीएच्या मागे लागू नका, अ‍ॅप्स स्क्रिप्ट शिका. ती गूगलची, तिचा पाया जावास्क्रिप्ट या भाषेचा आहे आणि २०१८ पासून गूगल शीट्समध्येही मॅक्रो रेकॉर्ड करता येतो. एका वेळी स्क्रिप्ट सहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही आणि नेट गेलं की काम थांबतं, एवढं धरून चाला. लिब्रेऑफिस (फुकट मिळणारं ऑफिस सॉफ्टवेअर) असेल तर तिथली मॅक्रोची भाषा, बेसिक, वेगळी. व्हीबीएचा काही कोड तिथे चालतो, सगळा नाही. कुठलं ‘भारी’ हा विचार सोडा. तुमच्या टेबलावर जे चालू आहे ते शिका.

आता एक गोष्ट जी मॅक्रोच्या क्लासात बहुधा सांगत नाहीत: तुमच्या कामातल्या निम्म्या भागाला मॅक्रो लागतच नाही. गेल्या हंगामाची फाइल उघडून बघा. प्रत्येक दिवसाची वेगळी शीट आहे का? वर तीन ओळी जोडून जिनचं नाव लिहिलंय का? गावाचं नाव एकदाच लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडल्यात का? एकूणची ओळ मधेच घुसवलीय का? असं असेल तर त्यावर मॅक्रो लिहिणं म्हणजे नुसता मनस्ताप, कारण कोडला दर वेळी ‘इथे कोरी ओळ का आहे’ हे समजावत बसावं लागतं. आधी मांडणी सुधारा. एक काटापावती म्हणजे एक ओळ: पावती क्रमांक, तारीख, शेतकरी क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव, हमाली, उचल. सगळी आवक एकाच शीटवर, एकाखाली एक. शेतकऱ्याचं नाव, गाव, खातं दुसऱ्या शीटवर, एकदाच. मग आवकेच्या शीटवर कंट्रोल आणि टी दाबून तिचं टेबल करा. सूत्रं आपोआप खाली उतरतात, निव्वळ वजन आणि रक्कम बसते, शेतकऱ्याचं नाव लुकअपने येतं. एक्सलुकअप २०२१ च्या किंवा वर्गणीच्या एक्सेलमध्येच मिळतं, पण त्याच्यावाचून काही अडत नाही, तुमचं व्हीलुकअप पुरेसं आहे.

काट्याची रोजची फाइल चिकटवायचं काम पॉवर क्वेरीला द्या. एक्सेल २०१६ पासून ती ‘डेटा’ टॅबमध्येच आहे. २०१० आणि २०१३ साठी वेगळी उतरवून बसवावी लागायची. एका फोल्डरात रोजची फाइल टाकायची, रिफ्रेश म्हणायचं, सगळ्या फायली एकाखाली एक येतात. एक ओळसुद्धा कोड नाही. मला मॅक्रोची कामं करूनच पैसे मिळतात, तरी सांगतो: जिथे पॉवर क्वेरी भागवते तिथे मॅक्रो लिहू नका. पुढच्या वर्षी तुम्ही नोकरी बदललीत तर तुमच्या जागी येणारी मुलगी पॉवर क्वेरीच्या पायऱ्या माउसने क्लिक करत बघू शकेल, तुमचा कोड बहुधा वाचू शकणार नाही.

एवढं झाल्यावर मॅक्रोसाठी खरं काम काय उरतं ते बघा: पावती क्रमांक घे, पट्टीच्या नमुन्यात भर, पीडीएफ कर किंवा छाप, पुढचा क्रमांक घे, संपेपर्यंत. आणि दुसरं, बँकेची यादी तपास. हेच तुमचे दोन धडे.

सुरुवात रेकॉर्डरने करा, म्हणजे तुम्ही हाताने जे करता त्याचा कोड एक्सेलच लिहून ठेवतं. डेव्हलपर टॅब एक्सेलमध्ये आधी लपलेला असतो, ऑप्शन्समध्ये रिबनच्या यादीत त्यावर खूण करावी लागते. ती सापडेना तर ‘व्ह्यू’ टॅबमध्येही मॅक्रोचं बटण आहे. एक साधं काम रेकॉर्ड करा: पट्टीच्या शीटवर जा, पावती क्रमांकाच्या घरात आकडा टाका, छापायचा भाग ठरवा, पीडीएफ म्हणून साठवा, थांबा. मग ऑल्ट आणि एफ११ दाबा, एडिटर उघडेल. खरा अभ्यास इथून पुढे. एडिटर आणि एक्सेल शेजारी-शेजारी लावा आणि एफ८ दाबत एकेक ओळ चालवा. लॅपटॉपवर बहुतेक वेळा एफएन सोबत दाबावं लागतं. पिवळी ओळ पुढे सरकते आणि शेजारच्या शीटवर काय हललं ते दिसतं. कुठल्या ओळीने काय केलं हे आपल्या डोळ्यांनी बघणं, एवढंच सुरुवातीला करायचं आहे. बरेच जण रेकॉर्ड करतात, बटणाला जोडतात, बटण चाललं की खूश होतात आणि कोड उघडूनही बघत नाहीत. रेकॉर्डर वापरणं निराळं, त्याच्याकडून शिकणं निराळं.

रेकॉर्डर जे लिहितो त्यात कचरा फार. तुम्ही स्क्रीन खाली-वर केलीत तर तेही लिहितो, घर निवडलंत तर ‘सिलेक्ट’, मग पुढच्या ओळीत ‘सिलेक्शन’. हा कचरा हाताने काढून टाका आणि मॅक्रो तरी चालतो का ते बघा. घर न निवडताच त्यात किंमत टाकता येते हे कळलं की निम्म्या ओळी उडतात. कोड कमी करण्याचा हा व्यायाम मी सगळ्यांकडून करून घेतो, कारण त्यात मोडतोड होते, आणि स्वतः मोडलेलं दुरुस्त करताना जे कळतं ते कुठल्या व्हिडिओत कळत नाही.

मग रेकॉर्डरची भिंत लागते. समजा तुम्ही रेकॉर्ड केलंत तेव्हा आवक १४७ व्या ओळीपर्यंत होती. रेकॉर्डरने १४७ लिहून ठेवलं. उद्या आवक १६३ ओळींवर गेली तर शेवटचे सोळा शेतकरी यादीत येणारच नाहीत, आणि मॅक्रो चकार शब्द काढणार नाही. हे शेतकरी मग खिडकीशी येऊन विचारतील, ‘मना पैसा कव्हय येतीन?’ तेव्हा १४७ च्या जागी ‘शेवटची भरलेली ओळ’ असं लिहायला शिकायचं. हातानेही तुम्ही ते करू शकता: शीटच्या अगदी तळाशी, म्हणजे १०,४८,५७६ व्या ओळीवर जा आणि कंट्रोल दाबून वरचा बाण मारा. कर्सर वर धावत येऊन शेवटच्या भरलेल्या घरावर थांबतो. कोडमध्ये तेच ‘सेल्स’, ‘रोज’, ‘काउंट’, ‘एंड’, ‘एक्सएलअप’ या शब्दांनी लिहितात. (शब्द मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, एडिटरात ते इंग्रजीतच टाकायचे.) हे एक वाक्य, त्याच्याभोवती ‘फॉर’चं वेटोळं (तेच काम ओळीमागून ओळ करत जाणारं) आणि आत एक ‘इफ’ (असं असेल तर हे कर). जिनिंगच्या ऑफिसातली बरीचशी कामं या तिघांत बसतात. ‘फॉर’ आणि ‘इफ’ रेकॉर्डर लिहूच शकत नाही. त्यामुळे पुस्तक किंवा व्हिडिओ उघडायची वेळ इथे येते, त्याआधी नाही.

आणि ते उघडल्यावरही सगळं शिकू नका. वर्कबुक, त्यात वर्कशीट, तिच्यात रेंज ही उतरंड आधी पक्की करा. प्रत्येक मॉड्यूलच्या (एडिटरात कोड लिहायच्या पानाच्या) डोक्यावर ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’ लिहा. एडिटरच्या टूल्स मेन्यूत, ऑप्शन्समध्ये एक खूण केली की ते नव्या मॉड्यूलमध्ये आपोआप येतं. ते नसेल तर ‘वजन’ नावाच्या चलाचं (आकडा ठेवायच्या डब्याचं) स्पेलिंग एका जागी चुकलं तरी व्हीबीए गुपचूप नवा रिकामा चल तयार करतं आणि पट्टीत शून्य येतं. ओळींचा क्रमांक ठेवायला ‘इंटिजर’ प्रकारचा चल वापरू नका, ‘लाँग’ प्रकारचा वापरा. इंटिजरमध्ये ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो, आणि जुन्या धड्यांत अजूनही तोच शिकवतात. तुमच्या आवकेच्या ओळी तिथवर जातील न जातील, पण किलोमधलं दिवसाचं एकूण वजन त्यात ठेवलंत तर चांगल्या आवकेच्या दिवशी सहज ओलांडेल.

चुकांचे संदेश इंग्रजी आणि कोरडे असतात, पण सुरुवातीला तेच ते चार भेटतात. चूक क्रमांक ९ म्हणजे त्या नावाची शीट सापडली नाही. बहुतेक वेळा नावाच्या शेवटी एक नको असलेली स्पेस असते. १३ म्हणजे आकड्याच्या जागी अक्षरं आली, किंवा त्या घरात आधीच सूत्राची चूक आहे. ९१ म्हणजे ‘सेट’ लिहायचं राहिलं, किंवा शोधलेली गोष्ट सापडलीच नाही. १००४ मात्र पोतडी आहे, त्यात काहीही निघतं. हे एका कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. युजरफॉर्म (माहिती भरायची वेगळी खिडकी), क्लास मॉड्यूल, डेटाबेसला जोडणी हे सगळं या हंगामापुरतं विसरा. युजरफॉर्म बघायला छान दिसतो, शेठना दाखवता येतो, म्हणून शिकवणाऱ्यांना फार आवडतो. पट्टी त्याच्यावाचूनही निघते.

आता आपल्याकडच्या अडचणी. हिंदी-इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलेले लोक नेमके यांत अडकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली तारीख. काट्याच्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराची) फाइल निघते, त्यात ०५/११ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ५ नोव्हेंबर. तुमच्या विंडोजमध्ये भारतीय पद्धत लावलेली असेल तर फाइल हाताने उघडल्यावर तारीख बरोबर येते. तीच फाइल मॅक्रोने उघडली की ११ मे! कारण व्हीबीए सीएसव्ही उघडताना अमेरिकी पद्धत धरून चालतं, आधी महिना. गंमत म्हणजे १३ तारखेपासून पुढे ते जमत नाही, कारण तेरावा महिना नसतो, मग त्या तारखा नुसती अक्षरं म्हणून पडून राहतात. महिन्याच्या सुरुवातीच्या तारखा उलट्या आणि नंतरच्या अर्धवट असा माल तयार होतो आणि पिव्होट टेबल वेड्यासारखं वागायला लागतं. उपाय सोपा आहे: फाइल उघडायच्या आज्ञेत ‘लोकल’ नावाचा पर्याय ‘ट्रू’ ठेवा. किंवा पॉवर क्वेरीत त्या स्तंभाचा प्रकार बदलताना ‘यूजिंग लोकेल’ निवडून तारखेसाठी इंग्लिश-इंडिया सांगा. पॉवर क्वेरीकडे हे काम द्या म्हणण्याचं हेही एक कारण.

दुसरी मराठी. व्हीबीएच्या एडिटरात देवनागरी टिकत नाही, प्रश्नचिन्हं होतात. ‘कापूस आवक’ असं शीटचं नाव कोडमध्ये लिहायला गेलात की ???? दिसेल. म्हणून शीटचं नाव खाली मराठीतच राहू द्या, पण एडिटरच्या प्रॉपर्टीज खिडकीत प्रत्येक शीटला एक कोडनेम असतं, ते इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि कोडमध्ये तेच वापरा. कुणी शीटचं नाव बदललं तरी मॅक्रो मोडत नाही, हा वरचा फायदा. पट्टीवर छापायचे मराठी शब्द कोडमध्ये न लिहिता एका शीटच्या घरांत लिहून ठेवा आणि तिथून उचला. ‘मेसेज बॉक्स’मध्येही मराठी नीट येत नाही, त्यामुळे सूचना द्यायची तर शीटवरच्या एखाद्या ठळक घरात द्या. आणि शेतकऱ्यांची नावं कुणी पूर्वी शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केली असतील तर ती आधी युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारखी ओळखली जाणारी अक्षरं) बदलून घ्या. पडद्यावर दोन्हीकडे ‘पाटील’ दिसलं तरी आत वेगळीच अक्षरं असतात, लुकअप जन्मात जुळणार नाही. तसंही आपल्या भागात नावाने शोधणं धोक्याचं, एका गावात त्याच नावाचे चार पाटील निघतात. शेतकरी क्रमांक वापरा.

तिसरी बँकेची यादी, आणि तुम्ही स्वतः लिहिलेला पहिला मॅक्रो मला याच्यावरच हवा आहे. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं. १६ अंकी खातं आकडा म्हणून टाकलंत तर शेवटचा अंक शून्य होतो, परत येत नाही. सुरुवातीची शून्यंही उडतात. म्हणून खात्याचा स्तंभ नाव-नंबर भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करायचा. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा: पहिली चार बँकेची अक्षरं, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाइप होणं ही नेहमीची चूक. आता मॅक्रो असा लिहा: शेवटच्या ओळीपर्यंत जा, प्रत्येक आयएफएससी ११ अक्षरांचा आहे का बघ, पाचवं अक्षर शून्य आहे का बघ, नसेल तर घर लाल कर. एवढंच. यात वेटोळं आलं, ‘इफ’ आलं, शेवटची ओळ आली, ‘लेन’ आणि ‘मिड’ ही दोन साधी फंक्शन्स आली. तो कुठलाही आकडा बदलत नाही, फक्त रंगवतो, त्यामुळे नवशिक्याच्या हातून काही बिघडायची भीती नाही. आणि तो खऱ्या उपयोगाचा आहे. पट्टीचा मॅक्रो त्यानंतर.

आता तुमच्या मूळ यादीकडे येतो.

व्हिडिओ चालतील, हिंदीत भरपूर आहेत. एकाच माणसाची एकच मालिका धरा; तीन जणांचे तुकडे पाहिले तर प्रत्येक जण वेगळ्या सवयी लावतो. बघताना एक्सेल उघडं ठेवा, धड्यातला कोड उतरवून न घेता स्वतः टाइप करा, आणि लगेच तोच आपल्या फाइलवर वळवा. धड्यात विक्रेत्यांची यादी असेल तर तुम्ही शेतकऱ्यांची घ्या. नुसतं बघून ‘कळलं’ असं वाटतं, ते खोटं असतं. कोऱ्या मॉड्यूलसमोर बसल्यावर समजतं.

पुस्तक मला व्हिडिओपेक्षा जास्त आवडतं, कारण त्यात शोधता येतं. पण पहिल्या पानापासून वाचायचं नाही. इंग्रजीची धास्ती घेऊ नका, कामापुरते शब्द थोडेच आहेत आणि तेच तेच येतात. एडिटरात एखाद्या शब्दावर कर्सर ठेवून एफ१ दाबलंत की मायक्रोसॉफ्टचं त्या शब्दाचं पान उघडतं. त्यातला वरचा मजकूर रुक्ष वाटला तर सरळ खालचं उदाहरण बघा.

चॅटबॉट. याबद्दल माझं मत कडक आहे. तो काही सेकंदांत कोड देतो आणि पुष्कळदा तो चालतोही. पण तुमची शीट त्याने पाहिलेली नसते, कधी तो अस्तित्वात नसलेली आज्ञाही ठामपणे लिहितो, आणि तुम्हाला वाचता येत नसेल तर हे तुम्हाला कळणार कसं? शेतकऱ्याच्या पैशाच्या यादीवर न वाचता येणारा कोड चालवायचा नाही. त्याचा उलटा उपयोग करा. रेकॉर्डरने लिहिलेला किंवा तुम्ही स्वतः लिहिलेला कोड त्याला द्या आणि प्रत्येक ओळ मराठीत समजावून सांगायला सांगा. चूक आली तर संदेश आणि ती ओळ द्या, कारण विचारा. या कामात तो कुठल्याही क्लासच्या सरांपेक्षा सहनशील आहे. शेतकऱ्यांची खरी नावं, खाते क्रमांक मात्र त्याला देऊ नका, दोन-तीन बनावट ओळी करून द्या.

क्लास मी पूर्ण नाकारत नाही. कोणीतरी समोर बसवून अभ्यास करून घेतल्याशिवाय ज्यांच्याकडून होत नाही, त्यांनी लावावा, त्यात कमीपणा नाही. पण फी भरायच्या आधी जाऊन सरळ विचारा: माझी स्वतःची फाइल आणली तर चालेल का? एफ८ ने एकेक ओळ चालवून शिकवता का? मी लिहिलेला कोड तुम्ही वाचून सांगणार का? ‘अ‍ॅडव्हान्स एक्सेल विथ मॅक्रो’ म्हणून बोर्ड असतो आणि मॅक्रोला शेवटचे दोन रविवार मिळतात, असंही असतं, तेव्हा किती तास नेमके मॅक्रोचे ते लिहून घ्या. प्रमाणपत्रासाठी जात असाल तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या ऑफिसात प्रमाणपत्र कुणी विचारणार नाही. क्लासपेक्षा मी एक माणूस शोधेन. तुमच्या सीएच्या ऑफिसात, शेजारच्या ऑइल मिलमध्ये, कुठेतरी एखादा व्हीबीए लिहिणारा असतोच. त्याला ‘मॅक्रो शिकवा’ म्हणू नका, तो टाळेल. ‘ही ओळ इथे अडते, मी हे हे करून पाहिलं’ असं घेऊन जा. अशा प्रश्नाला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

काही सवयी पहिल्या दिवसापासून लावा. मॅक्रोने केलेलं काम कंट्रोल-झेडने मागे येत नाही, उलट त्याआधीचं मागे घ्यायची सोयही बहुतेक वेळा पुसली जाते. म्हणून नेहमी फाइलच्या नकलेवर चालवा. साठवताना प्रकार मॅक्रो-एनेबल्ड निवडा. साध्या एक्सएलएसएक्समध्ये साठवलंत तर एक्सेल एकदा विचारतं, तुम्ही घाईत हो म्हणता, आणि कोड गेला. फाइल ईमेलने आली किंवा नेटवरून उतरवली तर २०२२ पासून एक्सेल तिच्यातले मॅक्रो बंदच ठेवतं आणि वर लाल पट्टी दाखवतं. तुमचीच फाइल असेल तर तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे ‘अनब्लॉक’. वैताग येऊन सगळे मॅक्रो सरसकट चालू ठेवायची सेटिंग मात्र करू नका. १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या एका फाइलमधल्या मॅक्रोतूनच ईमेलने जगभर पसरला होता, आणि पेमेंट करणारा संगणक तुमचाच आहे.

हंगाम सुरू झाला की शेठना लगेच ‘आता सगळं एका बटणावर’ असं सांगू नका. पहिले काही दिवस जुन्या पद्धतीनेही पट्ट्या काढा आणि मॅक्रोनेही. दोन्हीकडचं एकूण वजन, एकूण रक्कम आणि पट्ट्यांची संख्या तिन्ही जुळली पाहिजेत, रक्कम पैशापर्यंत. पैशांचा फरक आला तर बहुधा तो राउंडिंगचा, म्हणजे आकडा पूर्ण करण्याचा, आहे: व्हीबीएचं ‘राउंड’ आणि शीटवरचं राउंड वेगळं वागतात. २.५ ला शीट ३ करते, व्हीबीए २, कारण ते बरोबर अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जातं. रक्कम पूर्ण रुपयात करायची असेल तर ते काम शीटवरच्या सूत्रालाच करू द्या, मॅक्रोने तयार आकडा फक्त उचलावा. दोन्ही बाजू सलग जुळायला लागल्या की जुनी पद्धत बंद करा, आणि त्या दिवसाच्या फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा.